डागाचे वाचन

रामकुंडावर काढलेल्या आत्याच्या छायाचित्राची निगेटिव्ह वाळली, तेव्हा तिच्या गालावर डाग दिसला. आत्या आता नाही. तिचे दुसरे छायाचित्रही नाही. फिल्म मी घरीच धुतली होती. दोष बोअरच्या जड पाण्याला देऊन मी मोकळा झालो.

डाग हा पाठभेदासारखा असतो. तो कोठून शिरला, हे आधी ठरवावे लागते. वाटोळा, पारदर्शक ठिपका म्हणजे डेव्हलपरमध्ये चिकटून राहिलेला हवेचा बुडबुडा. चंद्रकोरीसारखी खूण म्हणजे रिळावर चढवताना दुमडलेली फिल्म. हे दोन्ही कायमचे. चकचकीत बाजूला थेंब वाळून राहिलेले क्षार मात्र फिल्म पुन्हा धुतल्यावर बहुधा जातात.

भिंगातून पाहिले. काळी कोर होती. प्रिंटवर ती पांढरी उतरणार.

१९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढणाऱ्या, नाशिककर दादासाहेब फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई फिल्म धूत. त्या काळोखात बोटांनाच डोळे असावे लागतात. माझ्या बोटांनी घाई केली होती.

पाण्यावरचा आरोप मी मागे घेतला. पुढचे रीळ भरण्यापूर्वी वाया गेलेल्या फिल्मवर, डोळे मिटून, आठवडाभर सराव केला.