दुसरा भाग

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या महाविद्यालयाच्या कॅन्टीनमध्ये दोन विषयांवर आजवर कधी एकमत झालेले नाही. पहिला, चहात साखर किती असावी. आणि दुसरा, गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग काढावा की काढू नये. २०२४ च्या सप्टेंबरात ‘नवरा माझा नवसाचा’चा दुसरा भाग आला तेव्हा या दुसऱ्या वादाला पुन्हा तोंड फुटले. पहिला भाग २००४ सालचा, म्हणजे आम्हा बहुतेकांच्या जन्माच्या आगेमागेचा. पहिल्यात मंडळी एस.टी.ने गणपतीपुळ्याला निघाली होती, दुसऱ्यात कोकण रेल्वेने निघाली. एवढ्यावरून आमच्या टेबलावर दोन पक्ष पडले. “गाडी बदलली आणि मजा गेली,” हा एक पक्ष. “वीस वर्षांनी जुनी माणसं भेटली, आणखी काय पाहिजे?” हा दुसरा. शेवटी कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणाले, “तू का गप्प? तुझं मत काय?”

मी म्हणालो, “माझं मत २०१३ सालीच झालेलं आहे. आणि ते माझं नाही, माझ्या वडिलांचं आहे.”

यावर सगळे हसले. हसण्यासारखेच होते ते. पण त्या दिवशी सांगायची राहिलेली गोष्ट या अंकाच्या निमित्ताने सांगून टाकतो.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले, माण तालुक्यातले. पाऊस कमी आणि करमणूक त्याहून कमी. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा अठरा-एकोणीस वर्षांचे असताना, म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला गेले होते. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे बापूकाका. मार्गशीर्षातली थंडी. रथ झाल्यावर दोघे एका तंबूत शिरले आणि घोंगडी पांघरून ‘झपाटलेला’ पाहिला. महेश कोठारे यांचा हा चित्रपट १९९३ सालचा. तात्या विंचू नावाचा गुंड पोलिसाच्या गोळीने मरता मरता मंत्राच्या जोरावर आपला जीव एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला येतो लक्ष्याच्या घरी. लक्ष्याला बोलक्या बाहुल्यांचा नाद. त्यामुळे बाहुला खरोखर बोलू लागला तरी गावाला वाटते, लक्ष्याच बोलवतो आहे. बिचारा जीव तोडून सांगतो, आणि कुणी विश्वास ठेवत नाही. चित्रपटातली सगळी गंमत आणि सगळी भीती या एका गोष्टीत आहे.

दोघे भाऊ पहाटे चालत घरी आले ते हा खेळ डोक्यात घेऊनच. आजीने जुन्या लुगड्याच्या चिंध्या भरून एक बाहुला शिवून दिला. त्याला कोळशाने डोळे काढले. मग रात्री जेवणे झाली की आबा कणगीमागे बसून चिरक्या आवाजात बोलत आणि बापूकाका भीत.

बापूकाकांचे भिणे हा आमच्या आळीतला मोठा कार्यक्रम होता. मला तो पाहायला मिळाला तो पुष्कळ पुढे, मी चार-पाच वर्षांचा असताना. पण तोवर त्यात काही कमी झाले नव्हते. आधी ते बाहुल्याकडे पाठ करून बसत. मागून आवाज आला की मान न वळवता फक्त डोळे वळवत. मग एक गुडघा हलू लागे. दुसऱ्या हाताने तो गुडघा दाबून धरावा, तर दुसरा हलू लागे. मग “आई” म्हणण्यासाठी तोंड उघडत आणि आवाज निघत नसे. शेवटी सरपटत जाऊन ते आजीच्या पदराआड लपत, आणि आजी “मेल्या, दोन लेकरांचा बाप तू!” म्हणून पाठीत धपाटा घाली. आम्ही पोरे हसून हसून लोळत असू, आणि तरीही त्या रात्री एकटे परसात जायची छाती कुणाला होत नसे.

२०११ च्या पावसाळ्यात बापूकाकांना कावीळ झाली. त्यांनी ती अंगावर काढली. पेरणी तोंडावर होती. पंधरा दिवसांत ते गेले. त्यानंतर आबांनी कणगीमागचा आवाज कधी काढला नाही. आम्हीही मागितला नाही. मुलांना कुणी सांगावे लागत नाही, काही गोष्टी त्यांना आपोआप कळतात. बाहुला आजीने ट्रंकेत टाकला.

दोन वर्षांनी, ७ जून २०१३ ला ‘झपाटलेला २’ आला. पुण्याहून आत्याचा फोन आला, “दादा, पोरांना घेऊन ये. शाळा सुरू व्हायच्या आत सगळे मिळून बघू.” आबा नको म्हणत होते. आत्याने हट्ट धरला. तिच्या मनात काय होते ते मला आता समजते. दोन वर्षे हसायचे विसरलेल्या भावाला तिला एकदा हसवायचे होते.

असे आम्ही नऊ जण एका मल्टिप्लेक्सच्या रांगेत ओळीने बसलो. चित्रपट थ्रीडी होता. मराठीतला हा पहिला थ्रीडी चित्रपट म्हणून त्याचा गाजावाजा झाला होता. दारात प्रत्येकाला काळा चष्मा मिळाला. आजीने तो आपल्या चष्म्यावरच चढवला आणि एका हाताने धरून ठेवला, त्यामुळे शेंगदाणे खायला तिला एकच हात उरला. बाहुला पडद्यातून बाहेर झेपावला की मी किंचाळत होतो आणि आतेभाऊ हात पुढे करून त्याला पकडत होता. मला स्वर्ग दोन बोटे उरला होता.

चित्रपट सुटला. घरी येऊन आत्याने भेळ केली आणि मतदान सुरू झाले.

आत्याचे यजमान हिशेबी माणूस. ते म्हणाले, “निम्मे पैसे चष्म्याचे. सिनेमा निम्म्या पैशाचाच झाला.”

आत्या म्हणाली, “पोरगी छान नाचली. पण पहिल्यात हसून पोट दुखायचं तसं काही दुखलं नाही.”

आतेभाऊ तेव्हा दहावीत गेला होता. तो म्हणाला, “तंत्र चांगलं होतं, स्टोरी कच्ची होती.” हे वाक्य तो अजूनही प्रत्येक चित्रपटाबद्दल म्हणतो.

आई म्हणाली, “मला बाई त्या चष्म्यानं डोकंच दुखायला लागलं.”

आजीने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि विचारले, “अरं पण ते पोरगं कुठं हुतं? लक्ष्या?”

“आजी, लक्ष्मीकांत बेर्डे गेले की. २००४ साली,” आतेभाऊ म्हणाला. “ह्यात त्याचा मुलगा दाखवलाय.”

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग त्याच्या माघारी कशाला काढला?”

कुणी काही बोलले नाही. ती शांतता मोडायचे पुण्यकर्म मी केले. मी ओरडून म्हणालो, “मला आवडला! जुन्यापेक्षा भारी! त्यात बाहुला अंगावर कुठं येत होता?”

आबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसले. मग भेळेच्या बशीकडे बघत म्हणाले, “बाहुला चांगला केलाय. पण भ्यायला कुणी नाही त्यात.”

त्या वेळी मला वाटले, आबांना चित्रपट कळलाच नाही. सगळेच तर भीत होते! पडद्यावरची माणसे भीत होती, मी भीत होतो. पण आठ वर्षांच्या मुलाला मोठ्यांचे किती कळावे, याला मर्यादा आहेत.

गेल्या वर्षी वसतिगृहात परीक्षा संपल्यावर आम्ही सहा जणांनी दोन रात्रींत दोन्ही भाग एकापाठोपाठ पाहिले. त्यातला एक मित्र इंग्रजी वाङ्मयाचा. त्याने सुरुवातीलाच सुनावले, “मुळात पहिलाच भाग उसना. ‘चाइल्ड्स प्ले’ नावाचा १९८८ सालचा अमेरिकन सिनेमा आहे, त्यावरून घेतलेला. तेव्हा पहिला थोर आणि दुसरा सुमार, असं म्हणायचं कारण नाही.” मुद्दा बिनतोड होता. पण तोच पुढे म्हणाला, “तिकडे मात्र हसायला येत नाही. तिकडे बाहुला एका लहान पोराच्या हाती पडतो.”

आणि मला एकदम आबांचे वाक्य आठवले.

लहान मूल भ्याले तर आपल्याला त्याची काळजी वाटते. बाप्या माणूस भ्याला, तोही सगळ्यांना ओरडून सांगत असताना कुणी ऐकत नाही असा, तर हसू येते आणि त्या हसण्याच्या पोटात भीतीही शिरते. मी पुन्हा पहिला भाग लावला आणि या वेळी बाहुल्याकडे न बघता लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याकडे बघत राहिलो. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला म्हणजे मोठी करामत आहे, यात वाद नाही. पण त्याचे डोळे फिरणार, जबडा हलणार, मान वळणार. त्यापलीकडे त्याने तरी काय करावे? बाकीचे सारे काम समोरचा माणूस करतो. बाहुला नुसता खुर्चीत बसलेला असतो, आणि लक्ष्या ज्या नजरेने खुर्चीकडे बघतो त्या नजरेमुळे आपल्याला वाटते की आता तो उठणार. बाहुल्यात जीव मंत्राने येत नाही. तो लक्ष्याच्या भिण्याने येतो.

आमच्या नाट्यमंडळाच्या तालमीत सर नेहमी सांगतात की राजाचे काम राजाने करायचे नसते, ते दरबाराने करायचे असते. दरबार वाकला की मुकुट पुठ्ठ्याचा असला तरी चालतो. हे वाक्य मी तीन एकांकिकांत ऐकले होते. ते कळले मात्र वसतिगृहाच्या खोलीत, मित्राच्या लॅपटॉपसमोर.

दुसऱ्या भागाने पुठ्ठ्याच्या मुकुटाऐवजी सोन्याचा आणला. बाहुला पडद्याबाहेर आला, अंगावर आला. यंत्राने जे करता येते ते सगळे झाले. पण भिण्याचे यंत्र नसते. मी त्या चित्रपटाला दोष द्यायला बसलेलो नाही. जो माणूस नाही त्याला कुठून आणणार? त्यांनी लक्ष्याची नक्कल करणारा कुणी उभा केला नाही, मुलगा दाखवला, हेही मला आता सभ्यपणाचे वाटते. आणि ज्याने पहिला पाहिलाच नव्हता, त्या आठ वर्षांच्या पोराने किंचाळून किंचाळून पैसे वसूल केले होते, हेही खरे आहे. भेळेभोवती बसलेल्यांपैकी कुणाचेच मत चूक नव्हते. जो तो आपल्याला काय सापडले नाही ते सांगत होता. आत्याला भावाचे हसू सापडले नाही. आजीला ‘ते पोरगं’ सापडले नाही. आणि ती लक्ष्याबद्दलच विचारत होती का, हे मी आता खात्रीने सांगू शकत नाही. आबांनी तर सरळच सांगितले होते. फक्त आम्हाला वाटले, ते सिनेमाबद्दल बोलत आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. भाऊबिजेच्या रात्री जेवणे झाली आणि नेमकी वीज गेली. बापूकाकांची धाकटी मुलगी, जी त्यांच्या मागे अवघी वर्षाची होती आणि आता नववीत आहे, कंदील घेऊन आली. सगळे सोप्यात बसले होते. मी ट्रंक उघडली. लुगड्याचा बाहुला तळाशी होता. कोळशाचे डोळे पुसट झाले होते. मी तो कंदिलासमोर ठेवला, त्याच्याकडे पाठ केली आणि बसलो.

बराच वेळ काही झाले नाही. काकी उठून आत जातील असे वाटले. आजीने जपमाळ थांबवली. मला वाटले, आपण चूक केली. बाहुला उचलावा म्हणून मी हात पुढे केला, तेवढ्यात कणगीमागून आवाज आला. चिरका, थोडा घोगरा झालेला, चौदा वर्षे न वापरलेला.

मी डोळे वळवले. गुडघा हलवला. दुसऱ्या हाताने धरला. “आई” म्हणायला तोंड उघडले आणि मला हसूच फुटले. सगळा खेळ बिघडला. सरपटत आजीकडे गेलो तर वाटेत कंदिलाला पाय लागला. नववीतली बहीण मात्र खिदळत खिदळत काकींच्या कुशीत शिरली. तिने हे पूर्वी पाहिलेच नव्हते. काकी पदराने डोळे पुसत होत्या, पण उठून गेल्या नाहीत.

आबा कणगीमागून बाहेर आले. त्यांनी बाहुल्याला लागलेली धूळ झटकली. आजीने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि निकाल दिला, “पयल्याची सर न्हाई.”

आजीचे मत मला मान्य आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीने विचारले, “आज पण करायचं?” तेव्हा आबांनी वर्तमानपत्रातून मान वर केली आणि मला म्हणाले, “आधी नीट भ्यायला शीक.”