घड्याळाचे घर

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरी माझ्या घड्याळांवर खटला उभा राहतो. फिर्यादी अर्थातच आमचे कुटुंब. आरोपी सात. त्यांपैकी चालतात तीन, आणि त्या तिघांचेही आपापसांत एकमत नसते. "अहो, वेळ बघायला शेवटी मोबाइलच काढता ना? मग ही सात तोंडे कशाला पुसायची?" या सवालाचे उत्तर मला मास्तर असूनही आजवर देता आलेले नाही.

मी चित्रकलेचा मास्तर. दहावीनंतर कॉलेजची पायरी चढलो नाही. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि नांदेडच्या एका शाळेत लागलो. पुढे चार कादंबऱ्याही लिहिल्या. त्यांनी जे थोडेफार मिळवून दिले, ते जुन्या बाजारात गेले.

या वेडाचे मूळ हैदराबादेत आहे. आमचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आमच्याकडच्या माणसाला हैदराबादचे कौतुक जरा जास्तच. शाळेच्या सहलीत तिथल्या सालारजंग संग्रहालयात ते प्रसिद्ध घड्याळ पाहिले. तास भरत आला की शेकडो माणसे त्याच्यासमोर श्वास रोखून बसतात. मग एक दाढीवाला चिमुकला पुतळा बाहेर येतो आणि टोले देऊन आत जातो. इतर मुले हसली. मी बिघडलो.

माझ्या सातांतले मानाचे घड्याळ म्हणजे नांदेडच्या एका भंगारवाल्याकडे मिळालेले ओकच्या लाकडाचे. नक्षी नाही, सोनेरी मुलामा नाही. साधी चौकोनी पेटी आणि हातोडीने ठोकल्यासारखी दिसणारी तांब्याची तबकडी. पुस्तके चाळली तेव्हा कुळी कळली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस आणि त्याच्या विचाराची माणसे कारखान्याच्या मालाला विटली होती. वस्तू हाताने घडावी, लाकूड लाकडासारखे दिसावे, सांधा लपवू नये, असा त्यांचा आग्रह. यालाच पुढे आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळ म्हणू लागले. आर्चिबाल्ड नॉक्स या चित्रकाराने तर लंडनच्या लिबर्टी या दुकानासाठी चक्क कथिलाच्या मिश्रधातूची सुरेख घड्याळे आखून दिली. आमच्या मुंबईशीही या विचाराचे नाते आहे. कारागिरांचा मोठा चाहता लॉकवुड किपलिंग 1865 मध्ये जे. जे. कलाशाळेत शिकवायला आला होता.

ही घड्याळे शेकोटीवरच्या फळीसाठी केलेली. आमच्याकडे वैशाखात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. शेकोटी कोण बांधणार? माझे घड्याळ कोनाड्यात बसले. उन्हाने लंबकाची दांडी कणभर लांबते आणि ते आठवड्याला मिनिटभर मागे पडते. विलायती पाहुण्याला एवढी सूट द्यायलाच हवी.

माझी ऐट मात्र आमच्या घडीसाजाने उतरवली. त्याने भिंग लावून तबकडी न्याहाळली आणि म्हणाला, "मास्टरसाब, ये हातोडा नहीं, ठप्पा है." पाहतो तो खरेच, हातोडीच्या साऱ्या खुणा एकसारख्या! मागचे झाकण काढले, तर आत जर्मन कारखान्याचे यंत्र. हातकामाची आवड वाढली तसे कारखान्यांनी हातकामाचे सोंगच साच्यातून काढले होते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, हे आज कबूल करतो.

हातचे घड्याळ मला पुढे भेटले ते माझ्याच जिल्ह्यात.

आमचे मूळ घर लातूरचे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चार वाजायला चार मिनिटे कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. आदल्या संध्याकाळी गणपती बोळवून माणसे निजली होती. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचे जड माळवद. सुमारे दहा हजार माणसे गेली. आम्ही लातूरची पोरे कितीतरी दिवस अंगणात झोपलो.

त्या भागातल्या एका पुनर्वसित गावात जुने घड्याळ असल्याचे तीन वर्षांपूर्वी एका नातेवाइकाने सांगितले. मी लगोलग नांदेडहून निघालो. खिशात पाच हजार रुपये आणि मनात पक्के चित्र : काटे त्या पहाटेच्या वेळेवर थांबलेले.

घड्याळ चालत होते! यंत्र विलायती, पण पेटी सागाची. रंधा थोडा वाकडा गेलेला, सांधे उघडे, खुंट्या दिसतायत. मॉरिससाहेबाने पाहिली असती तर पागोटे उडवले असते. घरच्या आजी सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी चहा टाकला. मी विचारले, "आजी, त्या पहाटे हे कितीवर थांबलं होतं?"

"अवं गुरुजी, तवा घड्याळ कोन बघतंय? आमी लेकरं हुडकत हुतो."

मला कपातून डोके वर काढवेना. थोड्या वेळाने त्या आपणहोऊन बोलल्या. यंत्र ढिगाऱ्यात सापडले, पेटीचा भुगा झाला होता. "ही माजघरातली तुळई. हिनंच माझा थोरला नेला. आन् हिच्याच आडोशाला धाकटी जगली. जाळू म्हनलं तर जाळवंना, टाकू म्हनलं तर टाकवंना. सुताराला म्हनलं, बाबा, कायतरी कर हिचं."

पैशांचा विषय मी काढला नाही. घड्याळाचा आवाज तेवढा लंगडत होता. टिक लांब, टक आखूड. फळी एका बाजूला बसली होती. पोस्टकार्डाची घडी पेटीखाली सारली आणि कान लावला, तेव्हा चाल सरळ झाली. तेलाचे दोन थेंब सोडले.

हल्ली मी दिवाळीच्या सुटीत तिथे तेल घालायला जातो. चावी मात्र आजीच देतात. गेल्या खेपेला घड्याळ दहा मिनिटे मागे होते. मी काटा पुढे सारू लागलो तशा त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या गुरुजी. आमची एस्टी बी तेवढीच मागं येती."