मामाचं हॉटेल

बालकामगार कायदा मला तोंडपाठ होता. पंचाईत अशी की हॉटेलवाल्यांनाही तो पाठ होता, आणि कुठली ओळ कधी म्हणायची हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायचं.

1986च्या मूळ कायद्यातली बंदी ठरावीक धंद्यांपुरतीच होती. टपऱ्या, ढाबे आणि घरकाम त्यात आले 10 ऑक्टोबर 2006ला. त्याआधी तपासणीला निघताना मी टपरीवरच्या एखाद्या पोराच्या हातचा कटिंग पिऊन निघायचो. कायद्यात बसतंय म्हटल्यावर डोक्याला ताप नव्हता.

निरीक्षक म्हणून पहिला दणका बसला तो वयाच्या बाबतीत. एका कारखान्यातल्या मुलाचं वय मी नुसतं बघून ‘अंदाजे 13’ लिहिलं. गावच्या शाळेतून निर्गम उतारा मागवायचा कंटाळा केला. डॉक्टरांचा दाखला आला ‘14 ते 16’, आणि मालक सुटला. हा निव्वळ आळस, त्यावर जास्त काय बोलणार?

दुसरी चूक मात्र अजून सलते. 2016च्या दुरुस्तीने 14 वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांत बंदी घातली, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोका नसलेल्या घरच्या धंद्यात मदत करायची सवलत ठेवली. घरचे म्हणजे आईवडील आणि भावंडंच नव्हेत. काका, आत्या, मामा, मावशीसुद्धा. दुरुस्ती लागू झाली आणि तालुक्यातले निम्मे हॉटेलमालक मामा झाले.

एसटी स्टँडसमोर असाच एक मामा होता. मागच्या मोरीत दहाअकरा वर्षांचा पोरगा उकिडवा बसून ग्लास विसळत होता. सोड्याच्या पाण्याने बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून चिरल्या होत्या. मालक म्हणाला, “भाचा आहे साहेब, सुट्टीला आलाय. कंटाळतो, म्हणून बसवला.” मी पोराला विचारलं, “मामा का रे हे तुझे?” विचारलं तेही मालकासमोर. पोराने मान हलवली. वहीत शेरा मारला : ‘कुटुंबातील मुलाची सुट्टीतील मदत. उल्लंघन आढळले नाही.’ खाली सही, तारीख. महिना जुलै. जुलैत कुठल्या शाळेला सुट्टी असते हे मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचवून घ्यायचं नव्हतं. केस केली की पंचनामा, पोलीस, बाल कल्याण समिती, तारखा, आणि त्या आठवड्यात माझं तपासण्यांचं टार्गेट अपुरं होतं.

थंडीत कुणीतरी मुलांच्या हेल्पलाइनला, 1098वर, फोन केला. मुलाला सोडवलं तेव्हा कळलं, बापाने मालकाकडून उचल घेतली होती आणि ती फिटेपर्यंत पोरगा तिथे होता. झोपायचाही भट्टीशेजारीच. नियमाप्रमाणे घरच्या धंद्यातही संध्याकाळी सातनंतर मुलाला कामाला हात लावू द्यायचा नाही. स्टँडवरच्या हॉटेलची खरी गर्दी तर रात्रीच्या गाड्यांची. माझी फेरी असायची दुपारी तीनची.

खटला उभा राहिला. अशा गुन्ह्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा 20 ते 50 हजार दंड, किंवा दोन्ही. मालकाच्या वकिलाने बचावासाठी सगळ्यात आधी जो कागद पुढे केला, तो माझा शेरा होता.