आधी चिकूचा घास



माझ्याकडे एक बोका आहे. रंग पिकलेल्या चिकूसारखा, म्हणून नातवाने त्याचं नाव चिकू ठेवलं. तीन महिन्यांचा असताना आला, आता वर्षाचा होईल. हा बोका खाण्याशिवाय दुसरं काही मागत नसे. पहाटे पाचला उशाशी येऊन ओरडायचा. फ्रीज उघडला की पायात घोटाळायचा. मी जेवायला बसले की समोर बसून माझ्या घासाकडे बघत राहायचा.

आता मला सांगा, अशा वेळी घास घशाखाली कसा उतरणार? रेवदंड्याला आमची आजी मासे साफ केले की आधी मांजरीला डोकी टाकी, मग आम्हाला वाढी. विचारलं तर म्हणे, "मुक्या जिवाला उपाशी ठेवून जेवायचं नाही, आपल्या धर्मात तसं आहे." ते खरंच आहे. शेमाच्या दुसऱ्या भागात (अनुवाद, अध्याय ११) परमेश्वर आधी गुरांच्या गवताचं बोलतो आणि मग आपल्या पोटभर जेवणाचं. त्या क्रमावरून तालमूदमधल्या गुरुजनांनी नियम काढला, की जनावराला घातल्याशिवाय माणसाने जेवू नये.

मग काय, मी देत गेले. सकाळी दिलं, दुपारी दिलं, चहाबरोबर दिलं. नातू शाळेतून आला की तोही द्यायचा. चिकू मागायचा काही थांबला नाही, उलट जास्तच मागू लागला.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. मला वाटलं, पोटात जंत असतील. लहान पिल्लांना ते असतात, आणि मग कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. पण जंत नव्हते. बाईंनी त्याच्या छातीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरगड्या हाताला लागतच नाहीत. तुम्ही याला फार घालता." नसबंदीच्या ऑपरेशननंतर मांजराची भूक वाढते आणि गरज मात्र कमी होते. असंच चाललं तर पुढे मधुमेह होऊ शकतो. मी अगदी ओशाळले. आयुष्यभर लोकांना इन्सुलिन टोचलं, आणि इथे घरातल्या घरात एक मधुमेही तयार करत होते!

मुंबईला बालकक्षात शिकत होते तेव्हा आमच्या सिस्टर सांगत, "मूल रडलं की लगेच बाटली तोंडात देऊ नका. आधी लंगोट बघा, ताप बघा, पोट बघा." प्रत्येक रडणं भुकेचं नसतं. हे मला पाठ होतं, तरी चिकूपुढे विसरले. पुढे वाचनात आलं, की इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकोम्ब यांनी २००९ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. खायला मागताना काही मांजरं जी गुरगुर करतात, तिच्यात एक बारीक, उंच सूर मिसळलेला असतो. तान्ह्या बाळाच्या रडण्याशी त्याचं साम्य आहे, म्हणून तो आपल्याला नुसता ऐकवत नाही. आयुष्यभर बाळांचं रडणं ऐकलेली मी, मला तो बरोबर लागला.

आणि खरं सांगू? घर रिकामं झाल्यापासून "आई, खायला काय आहे?" असं विचारणारं कोणी उरलं नव्हतं. चिकू विचारत होता. भूक त्याची थोडी होती आणि माझीच जास्त होती.

मग वॉर्डातली शिस्त घरात आणली. बाईंनी ठरवून दिलेला दिवसाचा शिधा सकाळीच काट्यावर तोलून डबीत भरते. त्याच्या चार वाटण्या. फ्रीजवर कागद लावला आहे, जो घालेल त्याने खूण करायची, म्हणजे दोनदा दिलं जात नाही. पहाटेची वाटणी ठरल्या वेळी आपोआप उघडणाऱ्या डब्यात ठेवते, त्यामुळे तो मला उठवत नाही. संध्याकाळच्या जेवणाआधी नातू दोरी घेऊन त्याला दहा मिनिटं पळवतो. पहिले आठ दिवस ओरडणं दुप्पट झालं. पण त्या वेळी एकदा जरी दिलं, तरी जास्त ओरडलं की मिळतं हे मांजर शिकतं. महिन्याभरात शांत झाला.

मुलांनो, एक लक्षात ठेवा. आपल्या कालवणातला कांदा-लसूण मांजराला विष आहे, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. दूधही पुष्कळ मोठ्या मांजरांना पचत नाही. आणि म्हातारं मांजर एकाएकी खूप खाऊ लागलं, पण वजन घटतंय, तर ते लाड समजू नका, डॉक्टरकडे न्या.

आजीचा नियम मी मोडलेला नाही. नियम आधी घालण्याचा आहे, मागेल तेव्हा घालण्याचा नाही. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावण्याआधी चिकूची वाटणी त्याच्या ताटलीत पडते. मग किद्दुश, मग माझं जेवण. तो खाऊन झाल्यावर समोरच्या खुर्चीवर येऊन बसतो आणि माझ्याकडे बघतो. मी त्याच्याशी बोलते, वाढत नाही. तेवढ्याने दोघांचंही भागतं.