अण्णांची लिफ्ट

मार्चमध्ये आमच्या मरीनातल्या टॉवरच्या चारपैकी दोन लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होत्या. आम्ही एकतिसाव्या मजल्यावर! सकाळी शाळेची बस गाठायची तर वीस मिनिटे आधीच लिफ्टपाशी उभे राहायचे. त्यात लेकीची अकरावीची केमिस्ट्रीची परीक्षा, आणि माझे सासरे, अण्णा, सांगलीहून आलेले. अण्णांनी आयुष्यभर हायस्कूलात रसायनशास्त्र शिकवले. काचबिंदूमुळे आता त्यांना समोरचे दिसते, कडेचे दिसत नाही. शिकवण्याची खुमखुमी मात्र तशीच.

लेकीने उत्तर वाचून दाखवले, "एन्झाइम अभिक्रिया पुढे ढकलते, म्हणून पदार्थ जास्त तयार होतो."

"चूक. अगं, लिफ्ट कधी माणसांना खाली ढकलते का? सकाळी माणसे खाली जातात ती शाळा-ऑफिस खाली आहे म्हणून. संध्याकाळी वर येतात ती घर वर आहे म्हणून. लिफ्ट तीच. दोन बंद पडल्या तर रांग लागते, कोण कुठे जाणार ते बदलत नाही."

एन्झाइम, म्हणजे अण्णांच्या पुस्तकातले विकर, पुढच्या आणि उलट अशा दोन्ही अभिक्रियांचा वेग सारख्याच पटीने वाढवते. समतोल जिथे व्हायचा तिथेच होतो, फक्त लवकर होतो. त्यांचे आवडते उदाहरण कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेजचे. हे तांबड्या पेशींत असते. स्नायूंत कार्बन डायऑक्साइड सतत तयार होतो, म्हणून तिथे त्याचे पाण्याशी जुळून बायकार्बोनेट बनते. फुप्फुसात आपण तो वायू बाहेर टाकत असतो, म्हणून तिथे तीच अभिक्रिया उलटी फिरते. फुप्फुसाच्या केशवाहिनीत रक्त असते जेमतेम पाऊण सेकंद! एन्झाइमशिवाय तेवढ्यात हे उरकणारच नाही. त्याचा एक रेणू सेकंदाला दहा लाखांपर्यंत रेणू उरकतो म्हणे.

"आजोबा, मग समतोल साधून सगळे थांबत का नाही?"

"थांबले की माणूस गेला. एकीकडून भर पडते, दुसरीकडून उचल होते, म्हणून चालते."

संध्याकाळी आम्ही मरीना वॉकवर गेलो. कडेने आलेली सायकल अण्णांना दिसलीच नाही. मी हात ओढला म्हणून बचावले. घरी आल्यावर मी त्यांची थेंबांची बाटली उजेडात धरली. महिना होत आला तरी निम्मी भरलेली.

"अण्णा, थेंब घालत नाही का तुम्ही?"

"दुपारचा राहतो कधी कधी. घशात कडू उतरतो गं."

बाटलीवरचे नाव लेकीने मोठ्याने वाचले, डॉर्झोलामाइड. अण्णा खजील होऊन हसले. हे औषध त्याच कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेजला अडवते! डोळ्याच्या आत सतत पाणी पाझरत असते आणि निचराही होत असतो. ते पाझरायला बायकार्बोनेट भराभर तयार व्हावे लागते. एन्झाइम अडले की पाणी कमी पाझरते आणि दाब उतरतो. थेंब चुकला की एन्झाइम पुन्हा कामाला लागते आणि दाब चढतो.

"म्हणजे इथे लिफ्ट बंदच ठेवायची," लेक म्हणाली.

"हो. आणि गेलेली नजर काही उलट फिरत नाही, ते ठाऊक असून मी..." अण्णा पुढे बोलले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "तुझ्या आजीला फोनवर सांगू नकोस."

आता दुपारचा थेंब मी घालते, सकाळ-रात्रीचा लेक. थेंबानंतर अण्णांना गुळाचा खडा लागतो. लिफ्ट पुढच्या मंगळवारी सुरू झाल्या.