आसावरीची मोरपिसे

सूर कानांनी ऐकायचे आणि रंग डोळ्यांनी पाहायचे, ही वाटणी कोणी केली असेल? मनाला तर ती मुळीच मान्य नसते. पहाटेची भूपाळी कानी पडताच डोळ्यांपुढे तांबूस उजाडू लागते, हा अनुभव आपणां सर्वांचाच आहे. आपल्या जुन्या चिताऱ्यांनी या अनुभवाचे एक शास्त्रच रचले. त्याचे नाव रागमाला!

सहा राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिण्या, अशी छत्तीस चित्रांची ही माळ राजस्थानात आणि आपल्या दख्खनमध्येही गुंफली गेली. मेवाडात चावंड येथे नसिरुद्दीन या चित्रकाराने १६०५ साली रंगवलेली रागमाला प्रसिद्ध आहे. हिंदोल म्हणजे झोपाळ्यावरचा नायक. तोडी म्हणजे हाती वीणा घेतलेली, हरणांच्या सोबतीची एकाकी तरुणी. रागांची रूपे वर्णन करणारे ध्यानश्लोक कवींनी रचले होते आणि बहुधा त्यांवरूनच कुंचला चाले. सूर आधी शब्दांत उतरला आणि शब्दांतून रंगांत.

या माळेत मला जवळची वाटते ती आसावरी. सावळी स्त्री, डोंगरावर चंदनाच्या झाडापाशी बसलेली. भोवती नाग, आणि अंगावर मोरपिसांचे वस्त्र! ही शबर स्त्री, म्हणजे रानातली, असे जुने वर्णन आहे. महालांतल्या नायिकांच्या मेळ्यात ही एकटीच वनवासिनी! मी सातपुड्यातला, अक्कलकुवा तालुक्यातला. मला ती परकी कशी वाटावी?

मोरपिसे आमच्याकडे होळीला डोक्यावर चढतात. काठीची राजवाडी होळी आपल्या जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? उंच बांबूचा दांडा उभा राहतो, रात्रभर ढोल घुमतात आणि पहाटे होळी पेटते. नवस फेडणारे बावा व्रत पाळून नाचायला येतात. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरू आणि सुके भोपळे, आणि उघड्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. ढोलासाठी माणसाने स्वतःच्या देहाचेच चित्र केलेले असते! नर्मदेपलीकडे राठवा लोक पिठोऱ्याचे घोडे भिंतीवर रंगवतात, तेव्हाही ढोल वाजतो आणि बडवा गातो. वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक लिहिला जातो, तेव्हा धवलेरीची गाणी चालू असतात. तिथे गाणे आणि चित्र एकाच वेळी, एकाच घरात जन्म घेतात.

मग आपल्या ढोलाचे चित्र कागदावर उतरवावे, असे मी दिवाळीच्या सुटीत मनाशी घेतले. जाड कागदाला गेरू फासला, वाटीत तांदळाचे पीठ कालवले आणि बाला म्हटले, "बा, होळीचा ढोल वाजव." बा हसला. "आत्ता? होळीला अजून लई दिवस आहेत." पण ढोल त्याने खाली काढला. अंगणात तो वाजवत गेला आणि मी बोटाने ठिपके देत गेलो. दमदार थापेला मोठा ठिपका, हलक्या टिपरीला बारीक. लय वाढली तसे ठिपके दाटत गेले. ना ढोल काढला, ना नाचणारा.

कागद वाळल्यावर बा त्यापुढे उकिडवा बसला. पहिल्या ठिपक्यावर त्याने बोट ठेवले आणि दुसऱ्या हाताने जमिनीवर हळूहळू ठोके देऊ लागला. एका जागी थांबून म्हणाला, "इथं मी दम घेतला होता." शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या बापाने स्वतःचाच ढोल वाचला होता! त्याच्या ढोलाला गावात अजून वारस नाही. मीही शिक्षणासाठी वसतिगृहात राहतो. त्या कागदावर निदान त्याचा श्वास राहिला.

रागमालेच्या चित्रांवर पुष्कळदा माथ्याशी रागाचे नाव लिहिलेले असते. बाला विचारून मीही माथ्याशी लिहिले, 'होळीचा ढोल'.

आसावरीला दरबारच्या चिताऱ्यांनी रंगवले, तिच्या मोरपिसांसकट. तिचे गाणे तिला स्वतःला कसे दिसत होते, हे सांगणारे चित्र त्या माळेत नाही. मित्रहो, ते काम आता आपले आहे. येत्या होळीला मी पुन्हा बाच्या शेजारी बसणार आहे. या वेळी एका हातात कागद असेल आणि दुसऱ्या हातात टिपरी.

— तृतीय वर्ष, कला