आवडली म्हणवत नाही

कॉर्मॅक मॅकार्थीच्या ‘द रोड’ला २००७ साली पुलित्झर मिळालं, म्हणून मी ती वाचायला घेतली. भयकथा आहे असं कुणी सांगितलं असतं, तर हात लावला नसता. रक्तामांसाचं मला वाचवत नाही. या कादंबरीत भूतखेत काही नाही. माणसं माणसांना खातात, एवढंच.

जग कशाने जळालं हे लेखक शेवटपर्यंत सांगत नाही. एक वाजून सतरा मिनिटांनी घड्याळं थांबतात, उजेडाचा लोळ दिसतो, लांबून हादरे ऐकू येतात. नवरा उठतो तो थेट बाथटबमध्ये पाणी सोडायला. बायकोला वाटतं, हा आता अंघोळीला निघाला! उद्या पाणी येणार नाही म्हटल्यावर पिंपापासून तांब्यापर्यंत सगळं भरून ठेवणाऱ्या घरात मी वाढले. तो टब मला तिच्याआधी कळला आणि पोटात गोळा आला.

पुढे बाप आणि लहान मुलगा, दोघांनाही नावं नाहीत, राखेने झाकलेल्या अमेरिकेतून दक्षिणेला समुद्राकडे चालत राहतात. सामान सुपरमार्केटच्या ढकलगाडीत. गाडीच्या दांड्याला मोटरसायकलचा आरसा लावलेला, मागून कोण येतंय ते दिसावं म्हणून. पिस्तुलात गोळ्या दोन, पुढे एकच. ती कुणासाठी राखून ठेवलीय हे लक्षात आलं, तेव्हा माझा मुलगा शेजारीच गणिताचा गृहपाठ करत बसला होता. तळघराचं दार उघडतं, त्या पानावर मात्र मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले. खरं तर मॅकार्थीने तिथे चारदोन ओळींतच आटोपलंय. तेवढ्याही पुरतात.

एवढं असूनही खाली ठेववत नाही, आणि त्याचं कारण भीती नव्हे. उपासमारीने मरायला टेकलेल्या त्या दोघांना जमिनीखाली डबाबंद अन्नाची कोठी सापडते, तेव्हा मला खरोखर हायसं वाटलं. खाण्याआधी पोरगा ते अन्न साठवून गेलेल्या, बहुधा मेलेल्या माणसांचे आभार मानतो.

मग आईचं काय? मूल झाल्यावर काही काळाने ती स्पष्ट सांगते, की आपल्याला पकडतील, अत्याचार करतील, खातील. आणि मरायला निघून जाते. तिचं म्हणणं कादंबरीतली पानंच्या पानं खरं ठरवतात, पण तिच्या वाट्याला जेमतेम चारदोन पानं येतात. एल पासोच्या हॉटेलात रात्री लहान मुलगा झोपलेला असताना ही कथा सुचली, असं मॅकार्थीने ओप्रा विन्फ्रीला सांगितलं होतं. अर्पणपत्रिकेतही त्याच मुलाचं नाव आहे. म्हणजे हे बापाचं पुस्तक, मान्य. पण शेवटी बाप गेल्यावर एक भलं कुटुंब अगदी वेळेवर हजर होतं आणि त्यातली बाई पोराला कवेत घेते. निघून गेलेल्या आईला दोन शब्द नाहीत आणि ही मात्र आयती मिळते, हे मला पटलं नाही. एवढा निर्दय लेखक ऐन वेळी मऊ पडला. (तरी मी रडले, ते वेगळं.)

तेव्हा पुस्तक थोर आहे, पण आवडलं असं म्हणवत नाही. घरात लहान मूल असेल तर रात्री वाचू नका. तळघराचं पान ओलांडलंत तरी बिघडत नाही. बाप सामान पळवणाऱ्या चोराचे कपडे उतरवून त्याला थंडीत उघडा सोडतो आणि पोरगा त्या चोरासाठी रडतो, तो प्रसंग मात्र सोडू नका.